दुधाची धार आणि साखळीचे गणित

नागपूरचा ‘डॉली चायवाला’ तुम्ही मोबाइलवर पाहिला असेलच. रंगीत चष्मा, झोकदार केस आणि हात उंच करून पातेल्यात सोडलेली दुधाची लांब धार! फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस बिल गेट्स यांनी त्याच्याकडे चहा घेतानाची चित्रफीत प्रसृत केली आणि हा चहावाला जगभर पोहोचला. (हे पाहुणे कोण, हे डॉलीला तेव्हा ठाऊकच नव्हते!)

धारेत नवल नाही. एक मीटर पडलेल्या दुधाचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर होतो. वेग वाढेल तशी धार बारीक होते. एवढे भौतिकशास्त्र आपल्या कळंबच्या नाक्यावरचा चहावालाही दाखवील. मग गाजली ती हीच धार का?

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘मीम’ हा शब्द योजला. अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात जाणारी कल्पना म्हणजे मीम. डॉलीची ढब भाषेवाचून कळते आणि नक्कल करायला सोपी, म्हणून ती टिकली.

आता प्रसार पाहू. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन बाहेर पडतात व ते आणखी अणू फोडतात. इथेही तसेच. समजा, एकाने वीस जणांना चित्रफीत पाठवली व त्यांतील दर दहांपैकी एकाने ती पुढे धाडली. म्हणजे गुणक २. वीस पिढ्यांनंतर विसाव्या पिढीत १०,४८,५७६ प्रेषक होतील! पण गुणक ०.९ असेल, तर साखळी सरासरी अवघ्या दहा प्रेषकांत संपते.

साखळीला मजकुराची पारख नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेपायी, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. अणुभट्टीतील न्यूट्रॉन शोषणाऱ्या दांड्यांसारखाच हा उपाय. वरील उदाहरणात वीसऐवजी पाच घ्या, गुणक ०.५ होतो. मात्र ‘ठिकाण’ म्हणजे शेकडो सभासदांचा गटही असू शकतो, ही त्यातली पळवाट. २०२० साली वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी मर्यादा एकावर आली.

वर्गात एक प्रयोग करा. चिठ्ठी मिळालेल्याने तीन नाणी उडवावीत. जितके छापे, तितक्या नव्या मुलांना चिठ्ठ्या द्याव्यात. गुणक १.५, म्हणजे साखळी वाढायलाच हवी. तरीही मुले अमर्याद असती, तर शंभरांतील सुमारे चोवीस साखळ्या आपोआप विझल्या असत्या. बहुतेक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच. तेवढ्याच चांगल्या किती धारा अशाच विरल्या असतील! दोन नाण्यांनी काय होते, ते तुम्हीच मोजा.