माशीचे घड्याळ आणि घंटागाडीची वेळ

गेल्या पावसाळ्यात गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीतून दोन दिवसांत पाच मुले जुलाब-उलट्यांनी आजारी होऊन माझ्याकडे आली. चौघे जलसंजीवनीवर सावरली. सर्वांत लहान मुलीला मात्र सलाईन लावावे लागले. तिची आई म्हणाली, "डॉक्टर, पाणी तर आम्ही उकळूनच पितो. मग हे कशाने?"

संध्याकाळी मी वसाहतीत गेलो. कोपऱ्यावर, विजेच्या डीपीखाली, कचऱ्याचा ढीग होता. घंटागाडी आठवड्यातून एकदाच येते, असे कळले. गाव वाढले, घरे वाढली. गाड्या आणि सफाई कामगार मात्र तेवढेच राहिले.

आठवड्यातून एकदा म्हणजे कमी, एवढेच आपण म्हणतो. पण किती कमी, हे माशी ठरवते. घरमाशी ओल्या कचऱ्यात एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. आपल्या उष्ण हवेत ती एका दिवसात फुटतात. अळ्या चार-पाच दिवस ढिगात वाढतात आणि मग शेजारच्या कोरड्या, भुसभुशीत मातीत शिरून कोष करतात. आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार! म्हणजे आठव्या दिवशी गाडी येते तेव्हा अळ्या ढिगातून केव्हाच निघून गेलेल्या असतात. ढीग जातो, माश्या राहतात. त्याच माश्या घाणीवरून उठून उघड्या भाकरीवर बसतात आणि पायांना चिकटलेले हगवण, विषमज्वराचे जंतू ताटात आणतात.

म्हणून ओला कचरा रोज उचलणे उत्तम; निदान आठवड्यातून दोनदा तरी उचललाच पाहिजे. ढिगावर ब्लीचिंग पावडर टाकून भागत नाही. घाणीत तिचा जोर लगेच संपतो.

स्वच्छता निरीक्षकानेही "कचरा उचलला का?" एवढेच विचारून थांबू नये. ढीग काठीने उकरावा. अळ्या दिसल्या तर कचरा शिळा आहे. भोवतालच्या मातीत कोष सापडले तर फेरी नक्कीच चुकली आहे. अर्थात, हे कचेरीत बसून दिसत नाही. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. पुढे 1995 पासून आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज प्रत्यक्ष वस्त्यांत फिरायला लावले आणि घाणीसाठी ओळखले जाणारे ते शहर स्वच्छतेसाठी ओळखले जाऊ लागले.

आपल्या हाती काय आहे? ओला कचरा पाणी निथळून झाकणाच्या डब्यात ठेवावा. ओला-सुका वेगळा करण्याची जबाबदारी 2016 च्या नियमांनी घराघरावर टाकली, ती पाळावी. जेवण झाकून ठेवावे. गाडी न आलेल्या तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात आणि त्या तारखांसह नगरपालिकेत लेखी अर्ज देऊन पोहोच घ्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते.

त्या वसाहतीतल्या महिलांनी नेमके हेच केले. महिनाभराने गाडी एक दिवसाआड येऊ लागली. तरीही रात्री कोणीतरी डीपीखाली पिशवी टाकतेच. त्या पिशवीसाठी मात्र नगरपालिकेकडे बोट दाखवता येणार नाही.