शेजाऱ्याची हांक आणि यंत्राचें टिपण

डोंबिवलीच्या एखाद्या जुन्या चाळींत नवा पोस्टमन येतो, तेव्हां चौकांत उभा राहून तो मोठ्यानें विचारतो, "कुलकर्णी कोणत्या खोलींत राहतात?" हांक सर्वांच्या कानीं पडते, ओ मात्र एकाच दारांतून येते. दुसऱ्या दिवशीं तो सरळ त्या दारीं जातो. घरोघरच्या संगणकांचा व्यवहार असाच चालतो.

प्रत्येक संगणकाला दोन पत्ते असतात. पहिला जाळ्यांतील पत्ता. अजूनही सर्रास चालणाऱ्या जुन्या पद्धतींत तो ३२ बिटांचा असून जागा बदलली कीं बदलतो. दुसरा ४८ बिटांचा, बहुधा कारखान्यांतच यंत्रावर कोरलेला. घरांतल्या घरांत निरोप पोंचतो तो या दुसऱ्या पत्त्यावर. पहिल्यावरून दुसरा विचारून घेण्याची रीत डेव्हिड प्लमर यांनीं नोव्हेंबर १९८२ मध्यें प्रसिद्ध केली. तिला 'एआरपी' म्हणतात.

डोंबिवलीहून ठाण्यास निरोप धाडावयाचा, तर ठाण्याच्या यंत्राचा दुसरा पत्ता लागत नाहीं. घरांतल्या राउटरचा पुरतो. पत्र टाकणाऱ्यास कोपऱ्यावरची टपालपेटी ठाऊक असली म्हणजे झालें. पुढें प्रत्येक टप्प्यावर बाहेरचें पाकीट बदलत जातें.

निरोपागणिक हांक मारली, तर चौकांत नुसता गोंगाट माजेल. म्हणून मिळालेलें उत्तर यंत्र टिपून ठेवतें. परंतु बिऱ्हाडें बदलतात. राउटर बदलला आणि टिपण जुनेंच राहिलें, तर निरोप रिकाम्या खोलीच्या दारांत पडून राहतील. यासाठीं लिनक्स प्रणालींत साधारणपणें १५ ते ४५ सेकंदच नोंद निःशंक मानली जाते. पुढें ती पुसली जात नाहीं, केवळ शंकास्पद ठरते. निरोप जुन्याच पत्त्यावर जातात. ५ सेकंदांत पलीकडून पोंच आली, तर शंका फिटते. न आल्यास त्याच दारीं एकेका सेकंदानें ३ वेळां विचारणा होते. तेथेंही सामसूम असली, तर नोंद रद्द होते आणि पुढच्या निरोपाच्या वेळीं चौकांत पुन्हां हांक घुमते.

या रीतींत एक उणीव मात्र मूळचीच आहे. ओ देणारा खरोखर कुलकर्णीच कीं काय, हें पोस्टमन तपासून पाहत नाहीं. त्याच जाळ्यांतील एखाद्या लबाडानें राउटरच्या नांवानें ओ दिली, तर सारें टपाल प्रथम त्याच्या हातीं पडतें. म्हणून अनोळखी जाळ्यांत असतांना सुज्ञ गृहस्थ चौकांतल्या हांकेवर विसंबत नाहीं. पैशांचा व्यवहार तो कुलूपबंद पत्रांतूनच करतो.