‘परवा’ म्हणजे नक्की कधी? ऑफिसच्या ग्रुपवर कामाचं कसं बोलायचं

लोकलमध्ये उभे असाल, तर एक हात कडीला आणि एक कान इकडे द्या. आजचा विषय रोजचाच आहे. ऑफिसचं काम फोनवर, ग्रुपवर, ईमेलवर चालतं, मग एवढं बोलूनही घोळ का होतात?

मी राहतो नवीन पनवेलला, स्टेशनच्या पूर्वेला. आमच्याकडे प्रत्येक बिल्डिंगमध्ये बंदराच्या कामातलं कोणीतरी सापडतंच. न्हावाशेवा बंदर 1989 साली सुरू झालं आणि त्याच्याभोवती क्लिअरिंग एजंट, ट्रान्सपोर्टवाले, सीएफएस, शिपिंग लाइनची ऑफिसं उभी राहिली. मीही याच धंद्यात आहे. एक कंटेनर सोडवायचा तर पाच-सहा ऑफिसं लागतात, आणि ही माणसं एकमेकांना क्वचितच भेटतात. सगळा कारभार मेसेजवर. म्हणून उदाहरणं मी इथलीच देणार. तुम्ही बँकेत असा नाहीतर आयटीत, लागू पडतीलच.

पहिली गोष्ट, वेळ. मराठीत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. हिंदीत ‘कल’चं तेच. आमच्या ग्रुपवर दोन्ही भाषा चालतात. त्यात रात्री सव्वाबाराला कोणी लिहिलं, ‘गाडी उद्या सकाळी लावा’, तर उद्या म्हणजे कधी? झोपून उठल्यावरची सकाळ, की त्याच्या पुढची? चुकीच्या दिवशी आलेला ट्रेलर ड्रायव्हर बारा तास पार्किंगमध्ये बसतो, त्याची खेप बुडते. म्हणून ‘गुरुवार 14, सकाळी 9’ असं लिहा. चार शब्द जास्त लागतात, पण पुढचे दहा फोन वाचतात.

दुसरी गोष्ट, आकडे. कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा उगाच नसतो. आयएसओ 6346 या मानकाप्रमाणे तो आधीच्या दहा चिन्हांवरून गणित करून काढतात. मधला एखादा आकडा चुकला, तर बहुतेक वेळा शेवटचा जुळत नाही आणि चूक पकडली जाते. चूक होणारच हे धरून केलेली ही सोय आहे. पण आपण काय करतो? चालत्या बाइकवरून व्हॉइस नोट पाठवतो, ‘तो शेवटी बासष्टवाला काढ रे’. नंबर, रक्कम, खाते क्रमांक नेहमी टाइप करा, पूर्ण करा. म्हणजे समोरच्याला कॉपी करता येतं आणि नंतर शोधताही येतं.

तिसरी गोष्ट, काम कोणाचं? चाळीस जणांच्या ग्रुपवर ‘कोणीतरी डीओचं बघा’ असं टाकलं, की चाळीस निळ्या टिका येतात आणि डीओ जागेवरच राहतो. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. नाव घ्या, काम सांगा, वेळ द्या. आणि ज्याचं नाव घेतलंय त्याने नुसता अंगठा दाखवू नये. ‘करतो, 4 पर्यंत कळवतो’ हे खरं उत्तर. अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ की ‘करतो’, हे ज्याचं त्यालाच माहीत.

चौथी गोष्ट, अनोळखी माणसासाठी लिहायला शिका. 2020 साली कस्टम्सने फेसलेस असेसमेंट आणलं. जूनमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईला सुरुवात झाली, ऑक्टोबरअखेर देशभर. आता न्हावाशेव्याला उतरलेल्या मालाची कागदपत्रं दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. पूर्वी टेबलासमोर उभं राहून ‘साहेब, हे असं आहे’ म्हणता यायचं. आता शंका सिस्टिमवर येते आणि उत्तरही तिथेच लेखी द्यावं लागतं. ‘प्लास्टिकचे पार्ट्स’ एवढंच लिहिलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: कसले, कुठल्या मशीनचे, उपयोग काय? प्रत्येक फेरीला वेळ जातो, आणि फ्री डेज संपले की डिटेन्शनचं मीटर पळायला लागतं. म्हणून ‘सेंड’ करण्याआधी बघा: ज्याला मागचं काहीच माहीत नाही, त्याला हे एका वाचनात कळेल का?

दुरुस्तीबद्दलही सांगतो. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटं एडिट करता येतो. पण तेवढ्यात कोणी जुना आकडा घेऊन कामाला लागला असेल तर? स्पेलिंग खुशाल एडिट करा. आकडा किंवा तारीख बदलली तर ‘दुरुस्ती’ म्हणून नवा मेसेज टाका. पैशाचा किंवा जबाबदारीचा निर्णय फोनवर झाला असेल, तर दोन ओळींचा ईमेल लगेच करा. त्यात अविश्वास नाही, पुढच्या शिफ्टवाल्याची सोय आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. एका ऑफिसच्या ग्रुपवर नव्या मुलाला सगळ्यांसमोर झापलेलं मी पाहिलंय. पोरगा गप्प झाला. पुढे काम अडकलं तरी तो ग्रुपवर सांगेना, आणि उशीर कळायचा तो बिल आल्यावर. कौतुक ग्रुपवर करा, कानउघाडणी फोनवर, एकट्याशी. वाईट बातमी लवकर सांगणाऱ्याला आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा.

आणि रात्र. बंदर चोवीस तास चालतं, माणूस नाही. कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क असावा, म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये मात्र 2017 पासून अशी तरतूद आहे. कायदा येईल तेव्हा येईल, आपल्या टीमपुरतं आजच ठरवता येतं: रात्री 9 नंतर मेसेज म्हणजे सकाळी वाचायचा, अडलं-नडलं तर सरळ फोन. मग फोन वाजला की खरंच काहीतरी आहे, हे सगळ्यांना कळतं.

यातलं एकच उद्या करून बघायचं असेल, तर तारीख आणि वार लिहायला लागा. तुमच्या ग्रुपवरचा सगळ्यात गोंधळाचा शब्द कुठला, तेही मला कळवा. भेटू पुढच्या भागात. कधी? शनिवारी, सकाळी 8 वाजता. ‘परवा’ नाही!