ओळीची शेपटी कुठे गेली?

शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल तर हे करून पाहा. टर्मिनलची खिडकी उघडा आणि बाइट मोजणारी 'डब्ल्यूसी -सी' ही आज्ञा द्या. मग रोमन लिपीतल्या ५,००० अक्षरांची एक सलग ओळ तिथे चिकटवा. एंटर दाबा आणि कंट्रोल-डी दाबून मजकूर संपल्याचे कळवा. एंटरही मोजले जात असल्याने उत्तर ५,००१ यायला हवे. येते ४,०९६! उरलेली ९०५ अक्षरे गेली कुठे?

युनिक्स घडत होते तेव्हा, १९७० च्या सुमारास, संगणकाला टेलिप्रिंटर जोडत. टंकणारा माणूस चुकणार, खोडणार. म्हणून एंटर दाबेपर्यंत ओळ आज्ञावलीच्या हाती न देता यंत्रणा ती स्वतःजवळ राखून ठेवी. टेलिप्रिंटर गेले, ही पद्धत राहिली. आजच्या खिडकीमागे असते 'आभासी टर्मिनल', म्हणजे दोन तोंडांची नळी. एका तोंडाशी खिडकी, दुसऱ्याशी आपली 'डब्ल्यूसी'. तिला वाटते, समोर टेलिप्रिंटरच आहे.

लिनक्समध्ये एका ओळीसाठी ४,०९६ बाइट जागा असते. त्यातली शेवटची एंटरची. जागा भरली की पाठवणाऱ्याला थांबवावे, हे सरळ वाटते. साधी 'पाइप' तेच करते. पण इथे पाठवणारा थांबला तर एंटरही आत येणार नाही. एंटर नाही म्हणून ओळ पुढे जाणार नाही, आणि ओळ गेली नाही तर जागा रिकामी होणार नाही. दोघे एकमेकांची वाट पाहत बसतील! म्हणून यंत्रणा पुढची अक्षरे घेते आणि चक्क टाकून देते.

माणूस एवढी लांब ओळ टंकत नाही, तेव्हा त्याचे बिघडत नाही. पण या नळीत आता बऱ्याचदा दुसरी आज्ञावलीच लिहीत असते. समजा, तिने अनेक वर्गांचे गुण एकाच ओळीत पाठवले. 'सगळे पोचले' असेच तिला कळते, आणि शेवटच्या मुलांचे गुण बिनबोभाट नाहीसे होतात. मराठीत हे लवकर घडते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. म्हणजे १,३६५ चिन्हांतच जागा संपली.

ओळ राखण्याची ही पद्धत बंद करता येते, पण मग खोडण्याची सोयही जाते. त्यापेक्षा पाइप बरी. तीच ओळ धारिकेत साठवून पाइपमधून 'डब्ल्यूसी'ला द्या. आता ५,००१ येतात.