टायटॅनियमची घडीची सायकल : निर्मितीतील जोखीम व चाचणी

पेडणे तालुक्यात मोरजी, हरमलची खारी हवा, तर डिचोलीत खाणपट्ट्यातील तांबडी धूळ व पावसाळी चिखल. अशा ठिकाणी लोखंडी सायकल लवकर गंजते. त्यामुळे न गंजणारी, हलकी व घडी करून बसमध्ये नेता येणारी टायटॅनियमची सायकल उपयुक्त वाटणे स्वाभाविक आहे. लंडनच्या ब्रॉम्प्टन कंपनीने 2022 मध्ये टायटॅनियम फ्रेमची 'टी लाइन' ही घडीची सायकल बाजारात आणली. तिचे वजन सुमारे साडेसात किलो आहे. मात्र धातू उत्तम म्हणून सायकल सुरक्षित, असे म्हणता येत नाही. खरी जोखीम धातूत नसून जोडांत असते.

पहिला प्रश्न वेल्डिंगचा. तापलेले टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ बनते. म्हणून जोडाला बाहेरून व नळीच्या आतूनही आर्गॉन वायूचे आवरण द्यावे लागते. जोड चंदेरी असावा. राखाडी किंवा पांढरट दिसल्यास तो बाद करावा. अर्थात, रंग हा पहिला निकष होय, अंतिम नव्हे.

दुसरा प्रश्न बिजागरीचा. साध्या सायकलीची नळी अखंड असते. येथे ती मधोमध तोडलेली असते. खड्ड्यांचे धक्के त्या जागी एकवटतात. शिवाय टायटॅनियमची ताठरता पोलादाच्या साधारण निम्मीच असल्याने रचना काळजीपूर्वक करावी लागते.

तिसरा प्रश्न खाऱ्या ओलाव्याचा. अशा हवेत टायटॅनियमला टेकलेले ॲल्युमिनियम किंवा साधे पोलाद अधिक वेगाने झिजते. फ्रेम शाबूत राहते, पण बोल्ट पोखरला जातो.

आयएसओ 4210 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फ्रेमवर पायडलच्या जोरासारखा भार 1 लाख वेळा दिला जातो, तसेच 22.5 किलोचे वजन आदळवून तडा जातो का, हे पाहिले जाते. किनारपट्टीसाठी मिठाच्या फवाऱ्यानंतरची चाचणीही आवश्यक ठरते. वेल्डिंग प्रत्येक वेळी सारखे होत नसल्याने एकाच नमुन्यावर न विसंबता प्रत्येक खेपेतील नमुने तपासणे इष्ट.

शिक्षकांना हा विषय वर्गात तारेच्या तुकड्याने समजावता येईल. एकदा वाकवल्याने तार तुटत नाही. पुनःपुन्हा वाकवल्यास तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. ग्राहकाने 'धातू कोणता' याबरोबरच 'जोड कसा केला, किती तपासला' हेही विचारावे, ही सवय विद्यार्थ्यांत रुजणे महत्त्वाचे आहे.