परभणी लागते का?

दुकानाच्या फळीवर रेडिओ ठेवताना बहुतेकांची तक्रार एकच असायची, ‘मामा, परभणी लागंना झाली.’ मुंबई लागत नाही म्हणून आमच्या चाकूर गावात कुणी रेडिओ दुरुस्तीला आणल्याचं मला आठवत नाही. आमच्यासाठी रेडिओ म्हणजे आकाशवाणीचं परभणी केंद्र, मध्यम लहर, 1305 किलोहर्ट्झ.

हा जिव्हाळा समजायला थोडं मागं जावं लागतं. आमचा मराठवाड्याचा मुलूख तेव्हा निजामाचा. हैदराबादेत टपाल खात्यातल्या महबूब अलींनी हौसेनं 200 वॅटचं केंद्र चालवलं. 1935 साली ते ‘डेक्कन रेडिओ’ झालं. पुढं औरंगाबादेतही केंद्र आलं. या रेडिओचा कारभार मुख्यतः उर्दूत चाले. 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती जाहीर केली, तीही रेडिओवरूनच. 1 एप्रिल 1950 ला ही केंद्रं भारत सरकारकडे आली, पण औरंगाबादचं काही वर्षांतच बंद पडलं. मग 1968 मध्ये परभणी सुरू झालं आणि मराठवाड्याला आपल्या मातीतून बोलणारं केंद्र मिळालं. मला ही घटना एखाद्या धरणाइतकी मोठी वाटते.

परभणी चाकुराहून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, जवळजवळ नीट उत्तरेला. एवढ्या लांबून आवाज येतो तो मध्यम लहरीच्या गुणामुळं. एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्यात चालते, उंचवटा आला की अडते. मध्यम लहर मात्र जमिनीला धरून पुढं सरकत राहते. 1305 ची एक लहर सुमारे 230 मीटर लांब असते. म्हणून अशा केंद्रावर वेगळा अँटेना नसतो, उंच लोखंडी मनोराच लहरी सोडतो आणि त्याच्या बुडाशी जमिनीत चहूबाजूंनी तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. रेडिओत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. ती कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली तरच आवाज भरून येतो. ती बहुधा रेडिओच्या लांबीत बसवलेली असते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगायचो, रेडिओ पूर्व-पश्चिम लांब ठेवा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटायच्या. उरलेल्यांत डायलचा तुटलेला दोरा, नाहीतर गळलेले सेल.

संध्याकाळी वेगळाच त्रास. दिवसा आभाळातला एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून खाली येतात आणि दूरदूरची केंद्रं एकमेकांत घुसतात. ‘मामा, हैदराबाद मधी येतंय,’ म्हणणाऱ्याचा रेडिओ बिघडलेला नसायचा.

लोक ऐकायचे काय? ‘आपली आवड’मध्ये चाकूरचं नाव यावं म्हणून पोरं पोस्टकार्डं टाकायची. पण खरं वजन शेतीच्या कार्यक्रमाला. परभणीतच 1972 साली कृषी विद्यापीठ उभं राहिलं, त्यामुळं शास्त्रज्ञ आणि मायक्रोफोन एकाच गावात आले. ‘नांदेड 44’ कापूस, ‘परभणी क्रांती’ भेंडी ही नावं बियाण्याच्या पिशवीवर वाचण्याआधी आमच्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी कानांनी ऐकली. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याच्यासाठी हे फार मोठं होतं. कृषीची पुस्तिका त्याच्या हाती पडून उपयोग नव्हता. रेडिओवरचं बोलणं मात्र तो ऐकायचा, बांधावर शेजाऱ्याला सांगायचा आणि वाटलं तर त्यावर भांडायचाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लोक घरात झोपायला भीत होते, आणि अंगणातल्या अंथरुणाजवळ सेलवरचा रेडिओ असे. त्या आठवड्यात माझ्याकडे दुरुस्तीपेक्षा सेलाला मागणी जास्त होती.

आता मोबाइलमध्ये रेडिओ असला तर एफएमच, मध्यम लहर नाहीच. त्यात घरातल्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट वाढला. मध्यम लहरीत आवाजाप्रमाणं लहरीची उंची कमी-जास्त होते. वीज चमकली की तीही तशीच धक्का देते, म्हणून वळिवाच्या दिवसांत ढग दिसायच्या आधी रेडिओ खरखरायचा. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर तोच उपद्रव दिवसभर करतात. रेडिओ शाबूत आणि केंद्र चालू असूनही ‘परभणी बंद पडली वाटतं’ असं लोक म्हणतात, ते ऐकून मला वाईट वाटतं. नवा रेडिओ घेताना ‘एमडब्ल्यू’ पट्टी आहे का ते विचारा. घरी आणल्यावर चार्जर उपसून ठेवा, रेडिओ पूर्व-पश्चिम मांडा आणि काटा 1300 च्या जरा पुढं न्या.