बिनतारी हेडसेट आणि कानांची सोय

मोबाइलला ब्लूटूथने, म्हणजे कमी अंतराच्या रेडिओलहरींनी, जोडल्या जाणाऱ्या हेडसेटचा आराम मुख्यतः त्याच्या वजनावर, दाबावर आणि कानाच्या घडणीवर अवलंबून असतो. कर्णनलिकेत, म्हणजे कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतच्या मार्गात, बसणारे इअरबड हलके असतात व त्यांच्यासोबत बहुधा तीन मापांच्या सिलिकॉनच्या टोप्या मिळतात. मात्र त्यांनी तो मार्ग बंद होत असल्याने बोलताना स्वतःचाच आवाज घुमतो आणि घामाचा ओलावा आत साचतो. कान पूर्ण झाकणाऱ्या प्रकारात दाब मऊ गादीवर विभागला जातो, परंतु उकाड्यात कान तापतात आणि चष्म्याच्या काड्या रुततात. कानापुढील हाडातून कंपने पोहोचवणारा अस्थिवहन प्रकार कान मोकळे ठेवतो. प्रकार कोणताही असो, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांहून अधिक ऐकू नये.